मानाचा पहिला क्रमांक

आमच्या गावच्या वाचनालयाचा कार्यवाह पसंतीक्रमाच्या मतदानाने निवडावा, ही सूचना माझी होती. नियम मी लिहिले, मतपत्रिका मी आखल्या, मोजणीही मीच केली. एकूण कागद एकोणचाळीस. छत्तीस वर्षे हायस्कुलात गणित शिकवलेल्या माणसाला एकोणचाळीस कागद जड जाऊ नयेत. त्या रविवारी जे घडले ते मी पाटीवर पुष्कळदा मांडून पाहिले आहे. प्रत्येक पायरी बरोबर येते. उत्तर मात्र मला अजून समजलेले नाही.

आधीचे कार्यवाह गुडघ्यांच्या दुखण्यामुळे मुलाकडे राहायला गेले आणि जागा रिकामी झाली. तिच्यासाठी तीन नावे आली.

पहिले नाव देवळाच्या मानकऱ्यांचे. जत्रेतला पहिला नारळ ज्या घराला मिळतो, त्या घराचे ते प्रमुख. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे. पुस्तके वाचत नाहीत. वर्तमानपत्र वाचतात आणि ते वाचता वाचता झोपतात. त्यांचे नाव कोणीतरी रीत म्हणून सुचवले आणि त्यांनी रीत म्हणून नाही म्हटले नाही.

दुसरे नाव मुंबईची नोकरी संपवून गावी परतलेल्या एका गृहस्थांचे. शिस्तीचे. वाचनालय दहा ते पाच उघडे असावे, नोंदी संगणकावर असाव्यात, ओटीवर बसून गजाली करणे बंद व्हावे, असे त्यांचे म्हणणे. त्यांची सगळी वाडी त्यांच्या मागे होती.

तिसरे नाव माझ्या सुनेचे. तिचे माहेर पिंगुळीजवळ. माझा मुलगा जहाजावर असतो, वर्षातले आठ महिने. लग्नानंतर तिने वाचनालयात जायला सुरुवात केली ती वाचक म्हणून. पुढे कपाटे लावू लागली, पुढे चावी तिच्याकडे आली. पद काही नव्हते. शाळेतून सुटलेल्या मुलांसाठी ती संध्याकाळी साडेसातपर्यंत दार उघडे ठेवी, आणि ज्यांना चालवत नाही त्यांना दर गुरुवारी स्कूटरवरून पुस्तके पोचवी. या दोन्ही गोष्टी जुन्या कार्यवाहांच्या तोंडी परवानगीवर चालल्या होत्या. ते गेल्यावर परवानगीही गेली.

त्याच सुमारास तिला ओरोसच्या एका कचेरीतून कंत्राटी नोकरीचे पत्र आले. उत्तर सोमवारपर्यंत हवे होते. ती मला म्हणाली, "बाबा, माका कार्यवाह केल्यानी तर मी जावचंय नाय. नाय केल्यानी तर हयसर रवान तरी काय करू?" मी म्हटले, "मतदान होऊ दे." मी घरातही प्रमाण मराठीच बोलतो. शाळेची सवय आहे.

हात वर करून मते घेतली तर वाड्यावाड्यांत वर्षभर अबोला राहतो, हा आमचा अनुभव. म्हणून मला पदवीधर मतदारसंघाची आठवण झाली. विधान परिषदेच्या त्या निवडणुकीत मी मत दिले आहे. केंद्रावरचे जांभळे पेन हातात देतात. नावापुढे आकडा लिहायचा. बरोबरची खूण केली की मत बाद. पहिल्या खेपेला मी तेथील अधिकाऱ्याला विचारले होते, "दुसरी पसंती कधी मोजतात?" तो म्हणाला, "गरज पडली तर." त्या उत्तराचा मी तेव्हा पुरेसा विचार केला नाही. नंतर एक माहितीपत्रक मिळवून वाचले आणि पद्धत मला आवडली. ती नीटस होती.

ती अशी. वैध मतांच्या निम्म्याहून अधिक पहिली पसंती ज्याला मिळते तो निवडून येतो. कोणालाच तेवढी मिळाली नाही, तर सर्वांत कमी पहिली पसंती असलेला उमेदवार बाद होतो. त्याच्या गठ्ठ्यातला प्रत्येक कागद, त्यावर दुसरी पसंती ज्याची असेल, त्याच्या गठ्ठ्यात जातो. मग पुन्हा मोजायचे.

सभेत मी हे समजावले तेव्हा चेहरे कोरे राहिले. म्हणून मी बाजाराचे उदाहरण घेतले. घरचा माणूस मासळी आणायला चालला आहे. त्याला काय सांगाल? सुरमई आण. सुरमई नसेल तर बांगडा. बांगडाही नसेल तर तारली. हाच पसंतीक्रम.

तिठ्यावरचा दुकानदार माझा जुना विद्यार्थी. तो मागून म्हणाला, "आणि गुरुजी, बाजारात तिनांतला काय्येक नसला तर?"

"तर तो कागद बाजूला."

"मगे जेवचा काय?"

सभा हसली. मानकरी जागे झाले. त्यांनी विचारले, "म्हणजे दुसरो नंबर वाया जायत नाय मां?"

"दुसरा क्रमांक वाया जात नाही," मी म्हटले. त्या सभेत हे वाक्य मी तीनदा उच्चारले. वाचनालयाच्या व्हॉट्सॲप गटावरही लिहिले.

मतदान रविवारी सकाळी झाले. मी तालुक्याहून जांभळे स्केचपेन आणले होते, ते दोरीने बांधून ठेवले. कोशांच्या कपाटामागे एक टेबल लावून आडोसा केला. एकेक सभासद मागे जाई, लिही, घडी घालून कागद बरणीत टाकी. लोणच्याची रिकामी बरणी होती. घरून मीच नेली होती. आतल्या घड्या बाहेरून दिसत, पण आकडे दिसत नसत.

शेवटी मी गेलो. मी वाचनालयाचा अध्यक्ष. उमेदवारांतली एक माझी सून. अध्यक्षाने घरच्या माणसाला पहिला क्रमांक दिला, असे कोणी मनात आणू नये, हा एक विचार होता. मानकरी वडीलधारे, आणि ओटीवर समोरच बसलेले, हा दुसरा. पण खरे लिहायचे तर या दोन्ही विचारांच्या आधीच हात मानकऱ्यांच्या नावापुढे गेला होता. १ लिहिला. सुनेच्या नावापुढे २. दुसरा क्रमांक वाया जात नाही, हे मीच सांगितले होते.

मोजणीचा नियमही माझा. प्रत्येक कागद उलगडून तिन्ही उमेदवारांना दाखवायचा, मग गठ्ठ्यात ठेवायचा. तिघे समोर बाकावर बसले. बाकीची मंडळी घरी गेलीच नाहीत. दारात, खिडकीत, कपाटांना टेकून उभी राहिली.

एका कागदावर तिन्ही नावांपुढे एकच आकडा होता. एक, एक, एक. बाद. दारातून कोणीतरी म्हणाले, "कोणाक वायट वाटूक नको म्हणान घातलंय." कोण ते मी पाहिले नाही.

दुसऱ्या एका कागदावर सुनेच्या नावापुढे मोठी बरोबरची खूण होती. दुसरे काहीही नाही. मी तो बाजूला ठेवू लागलो, तोच खुर्चीत बसलेली म्हातारी बोलली. सून दर गुरुवारी पुस्तके पोचवी ती ही. काठी टेकत, वर्षात पहिल्यांदाच, ती वाचनालयात आली होती आणि परत सोडायला सुनेची स्कूटर मोकळी होण्याची वाट पाहत होती.

"ती खूण माजी," ती म्हणाली.

"आकडा लिहायचा होता."

"माका एकच होया होती. एकाच माणसाक आकडो कसलो घालूचो?"

मी म्हटले, "नियम आहे."

दुकानदार म्हणाला, "गुरुजी शाळेत पण असेच. उत्तर बरोबर, रीत चुकली, शून्य."

कागद बादच्या गठ्ठ्यात गेला.

माझा कागद साधारण मध्यावर निघाला. मराठी आकडे एकूण तीनच कागदांवर होते. बाकी सगळ्यांनी इंग्रजी लिहिले होते. तिनांतले दोन थरथरत्या हातांचे. तिसऱ्यावरच्या १ ची शेपटी लांब आणि खाली सरळ उतरलेली. छत्तीस वर्षे फळ्यावर मी तो तसाच काढला आहे. नियमाप्रमाणे कागद तिघांपुढे धरला. मानकऱ्यांनी मान हलवली, मुंबईच्या गृहस्थांनी वहीत रेघ मारली. सुनेने त्या कागदाकडे इतरांपेक्षा थोडा अधिक वेळ पाहिले. मी तो मानकऱ्यांच्या गठ्ठ्यात ठेवला.

वैध मते सदतीस. निवडून येण्यासाठी एकोणीस हवीत. मानकरी तेरा, मुंबईचे गृहस्थ बारा, सून बारा. मी आकडे फळ्यावर लिहिले.

शेवटच्या जागेवर दोघे समसमान होते. एकाला बाद करणे आवश्यक होते.

"अध्यक्षांचा एक मत ज्यादा धरा," खिडकीतून सूचना आली.

"तसा नियम नाही. चिठ्ठी काढायची."

"मगे देवीकडे कौल लावया," दुकानदार म्हणाला. "पाच मिनटांचा काम. गुरव हयसरच आसा."

गुरव खरोखरच होता. तोही सभासद. मी म्हटले, "हे वाचनालय आहे." दोन चिठ्ठ्या लिहिल्या, घड्या सारख्या केल्या, आणि मोठ्याने सांगितले की जिची चिठ्ठी निघेल ती व्यक्ती बाद. माहितीपत्रकात तसेच होते. चिठ्ठीने बाद कोण ते ठरते. चिठ्ठी मानकऱ्यांनी काढावी असे ठरले. त्यांनी आपली काळी टोपी उतरवून दिली, मी चिठ्ठ्या तिच्यात टाकल्या, त्यांनी डोळे मिटून हात घातला. चिठ्ठी उघडली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"आमची सूनबाई!" ते ओरडले. "झाला बगा! देवीन ऐकला."

टाळ्या वाजल्या. म्हातारीने काठी जमिनीवर आपटली. मुंबईचे गृहस्थदेखील उठून सुनेला नमस्कार करू लागले. आमच्याकडे ज्याचे नाव निघते त्याला मिळते. भिशी असो, जत्रेतली सोडत असो. माझे आधीचे वाक्य कोणाच्याही डोक्यात शिरले नव्हते.

मी म्हटले, "बाद."

टाळ्या एकदम थांबल्या नाहीत. पुढच्या आधी थांबल्या, मागच्या नंतर.

पुढचे काम यांत्रिक होते. सुनेचे बारा कागद उचलले आणि दुसऱ्या पसंतीप्रमाणे वाटले. सात मुंबईच्या गृहस्थांकडे गेले, पाच मानकऱ्यांकडे. एकोणीस आणि अठरा. मुंबईचे गृहस्थ कार्यवाह म्हणून निवडून आले. मी जाहीर केले.

दुकानदाराने हळूच विचारले, "गुरुजी, आमचे दुसरे नंबर कधी काडतल्यात?"

"ते काढायचे नसतात. तुमचा पहिला उमेदवार शेवटपर्यंत टिकला. त्यामुळे तुमच्या दुसऱ्या पसंतीपर्यंत येण्याची गरज पडली नाही."

"पण तुमी तर वाया जायत नाय म्हणाल्यात."

मी फळा पुसला.

कागद गठ्ठ्यात बांधताना मात्र जे दिसले ते दिसले. सदतीस कागदांपैकी बारांवर सून पहिली होती आणि उरलेल्या पंचवीसांवर दुसरी. तिसरी एकाही कागदावर नव्हती. मानकऱ्यांना पहिला क्रमांक देणाऱ्या तेरांनी दुसरा तिला दिला होता; मुंबईच्या गृहस्थांच्या बारांनीही तिलाच. नुसते ती आणि मानकरी असे दोघे उभे असते, तर ती चोवीस विरुद्ध तेराने निवडून आली असती. नुसते ती आणि मुंबईचे गृहस्थ असते, तर पंचवीस विरुद्ध बाराने. समोरासमोर तिला हरवील असा त्या खोलीत कोणी नव्हता, आणि सर्वांत आधी ती बाहेर गेली.

यात नियम कोठेही मोडलेला नाही. मी पुन्हा पुन्हा तपासले आहे.

त्या संध्याकाळी तिने मला चहा दिला आणि समोर उभी राहिली. घरात ती माझ्याशी मालवणीतच बोलते. कचेरीच्या खिडकीपाशी गेल्यावर आमची माणसे भाषा बदलतात, तशी ती त्या दिवशी बदलून बोलली.

"बाबा, तुमचा एक ओळखता येतो."

मी कप खाली ठेवला.

"ओरोसच्या पत्राला मी उद्या होकार कळवते आहे. चावी टेबलावर ठेवली आहे. नवीन कार्यवाहांना द्यावी."

चावी दिली. ते गृहस्थ सरळ मनाचे. त्यांनी घरी येऊन तिला ग्रंथपाल म्हणून काम पाहण्याची विनंती केली. तिने आभार मानले आणि नाही म्हटले. वाचनालय दहा ते पाच झाले. शाळा सुटून मुले येतात तेव्हा दाराला कुलूप असते. ती सकाळी आठच्या एस.टी.ने जाते आणि दिवेलागणीच्या आधी परतते.

मतदानानंतर दोन दिवसांनी मानकरी आले. ओटीवर न बसता अंगणातच उभे राहिले.

"गुरुजी, माका कोणी वाचनालय चलवूक सांगितलेला? माका जो पैलो नंबर मिळता तो मानाचो. नारळ मिळता म्हणान मी काय देऊळ झाडतंय?"

"मग तुम्ही स्वतः काय लिहिले?"

"तिका एक. स्वताच्या नावाफुडे एक घालूक लाज नाय वाटाची?" मग त्यांनी विचारले, "तुमी कोणाक घातल्यात?"

"मतदान गुप्त असते," मी म्हटले. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा विचारले नाही.

त्यांच्या बोलण्याने एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. आमच्या गावात कोणतीही यादी लिहायला घेतली की पहिली ओळ आधीच भरलेली असते. निमंत्रणपत्रिका असो, जत्रेचा नारळ असो, श्राद्धाचे पान असो. खरी निवड दुसऱ्या ओळीपासून सुरू होते. हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. तरीही मी या माणसांच्या हाती एक, दोन, तीन लिहायचा कागद दिला. त्यांनी पहिला क्रमांक जिथे देतात तिथे दिला आणि दुसऱ्यावर आपली इच्छा लिहिली. ती इच्छा पद्धतीने वाचलीच नाही. मग दोष पद्धतीचा म्हणावा, तर पद्धतीने जे सांगितले तेच केले. लोकांचा म्हणावा, तर त्यांना दुसरा क्रमांक वाया जात नाही असे मीच सांगितले होते. माझा म्हणावा, तर मीही त्यांच्यासारखेच लिहिले. माझा एक तिच्या नावापुढे असता, तर तिची मते तेरा झाली असती आणि चिठ्ठी काढायची वेळ तिच्यावर आली नसती. हे गणित सोपे आहे. इयत्ता तिसरीचे आहे.

गुरुवार आला. म्हातारीकडे पुस्तक पोचवणारे कोणी नव्हते. दुपारी मी वाचनालयातून माझ्या नावावर तीन पुस्तके घेतली आणि चालत गेलो. पाऊण तास लागला. पुस्तके तिच्यापुढे ठेवली आणि म्हटले, "यांतले पहिले कोणते, दुसरे कोणते, ते सांगून ठेवा. पुढच्या वेळी एखादे बाहेर गेलेले असले तर त्याप्रमाणे आणता येईल."

तिने एक उचलले आणि बाकीची दोन माझ्याकडे सरकवली.

"ह्या होया. ती घेवन जावा."

"हे दुसऱ्या कोणी नेलेले असते तर?"

"मगे वाट बघतलंय," ती म्हणाली. "माका खंय जावचा आसा?"

परतताना मी तिठ्यावर थांबलो. दुकानदाराने स्टूल बाहेर काढून दिले. ओरोसची गाडी आली आणि सून उतरली. मला तिथे पाहून ती क्षणभर थबकली, मग चालू लागली. मी बरोबरीने चाललो. उरलेल्या दोन पुस्तकांची पिशवी माझ्या हातात होती.

बांधापर्यंत आल्यावर मी म्हटले, "माझा पहिला क्रमांक मानकऱ्यांना होता. मानाचा होता."

"म्हायत आसा माका," ती म्हणाली.

आम्ही बांध ओलांडला.

"आणि बाबा, माका दोन घातल्यात तो कसलो? तो पण मानाचोच?"

"नाही," मी म्हटले. मग म्हटले, "तो खरो."

ती हसली नाही. मग तिने माझ्या हातातली पिशवी घेतली आणि आत पाहिले.

"ही दोन परत करूची आसत?"

"होय."

"पाच वाजान गेले. आता बंद."

तिने पिशवी खांद्याला लावली. ती दोन पुस्तके त्या दिवशी आमच्या घरीच राहिली.